पडदा पडल्यावर कुठं जायचं?

जळगावात बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे आणि दर जानेवारीत त्यांच्या नावाचा संगीत महोत्सवही भरतो. हे नाव मिरवण्याचा शहराला हक्क आहे. नारायण श्रीपाद राजहंस लहानपणी जळगावात नातेवाइकांकडे राहिले. मेहबूबखाँसाहेबांकडे गाण्याचे पहिले धडे त्यांनी इथंच गिरवले आणि १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत ते शकुंतला होऊन उभे राहिले. त्यानंतर मराठी घरांत जे घडलं त्याचा नीट विचार आपण क्वचितच करतो. तालेवार घरांतल्या बायका शालू कसा चोपून नेसायचा, अंबाड्यावर गजरा कसा माळायचा, दागिना कुठं शोभतो, हे एका पुरुषाकडे बघून शिकल्या. बाईपणाचा त्या काळचा सर्वांत देखणा नमुना एका पुरुषाच्या अंगावर होता आणि त्यात कुणालाही काही खटकलं नाही. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली, तरी प्रयोग झाला. ही गोष्ट आपण कलावंताच्या निष्ठेची म्हणून सांगतो. त्या रात्री भामिनीचा शृंगार करणारा माणूस एक बाप होता, आणि प्रेक्षकांना दोन्ही गोष्टी एकदम मान्य होत्या.

बालगंधर्वांना आजची कोणतीही लेबलं लावण्यात अर्थ नाही, तसा इरादाही नाही. त्यांचं नाव इथं घेतलं ते त्यांच्या प्रेक्षकांसाठी. खान्देशाला साडीतल्या पुरुषाचं वावडं कधीच नव्हतं. वावडं आहे ते पडदा पडल्यावरही साडी न उतरवणाऱ्याचं.

नाट्यगृहातून निघून यात्रेत गेलं, तरी हेच दिसतं. आखाजीला, गावोगावच्या जत्रांत, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात तंबू पडतात आणि तमाशा उभा राहतो. गण होतो, गौळण लागते, आणि गौळणींच्या पुढं लुगडं सावरत मावशी येते. ही मावशी म्हणजे गडीमाणूस, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. मावशी कृष्णाला उलटं बोलते, पेंद्याची टर उडवते, पुढच्या रांगेतल्या पाटलाचीही उडवते, आणि पाटील सगळ्यांत मोठ्यानं हसतो. शिवाय नाच्या असतो. बायका फडावर आल्या, नाचू लागल्या, गाजल्या. पण साडी नेसणारा पुरुष फडातून हद्दपार झाला नाही. वर सातपुड्याच्या अंगाला, नंदुरबार-नवापूरकडच्या आदिवासी पट्ट्यात सोंगाड्या पार्ट्या रात्र रात्र खेळ करतात, तिथंही बाईची सोंगं पुरुषच घेतात. थोडक्यात, खान्देशातल्या माणसानं आयुष्यात एकदाही पुरुषाला बाई होताना पाहिलं नाही, असं होणं कठीण. त्यानं पैसे देऊन पाहिलंय, शिट्ट्या मारून पाहिलंय, पोराला खांद्यावर बसवून दाखवलंय.

पण फडाचं एक वेळापत्रक असतं. विजयादशमीला फड बाहेर पडतात आणि बुद्ध पौर्णिमेपर्यंत फिरतात. उरलेले महिने घरी काढायचे. ज्या मुलाची चाल, बोलणं, हात उडवणं गावाला खुपतं, त्याला फड हा एक आसरा असायचा. जे गावात लपवायचं तेच तिथं दाखवून दोन घास मिळायचे. पावसाळ्यात मात्र त्याला गावच्या पारावरून चालत जावं लागायचं, आणि तिथं गौळण नसायची. मावशीला हसणारा पाटीलच तिथं बसलेला असायचा.

मराठीत नाच्या म्हटलं की गणपत पाटील आठवतात. पडद्यावर ते इतके सच्चे उतरले की लोकांनी पडद्याबाहेरही त्यांना तसंच धरलं. ते संसारी गृहस्थ होते, मुलाबाळांचे बाप होते. तरी त्या भूमिकांचा शिक्का त्यांना आणि त्यांच्या घराला आयुष्यभर सोसावा लागला. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधला गुणा हाही पुरुषी पुरुषच, त्याची शोकांतिका अशी, की कलेपायी त्याला नाच्या व्हावं लागलं. या दोन्ही गोष्टींत आपली सहानुभूती कुणाकडे वळते पाहा. ‘तसा’ नसताना ज्याला तसं समजलं गेलं, त्याच्याकडे. जो खरंच तसा होता, त्याची गोष्ट मराठीनं फार उशिरा ऐकायला घेतली.

खान्देशातल्या अशा मुलानं करायचं काय? जायचं. हे उत्तर त्याला कुणी शिकवावं लागत नाही, कारण खान्देशात जाणं रक्तातच आहे. भुसावळ जंक्शनवरून मुंबईची, नागपूरची, इटारसीची आणि सुरतेची अशा चारही दिशांच्या गाड्या सुटतात. धुळ्याहून चाळीसगावची गाडी धरली की मुख्य मार्ग हाताशी येतो. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत सुरतेला जाणाऱ्या तापी खोऱ्यातल्या रेल्वेनं तर गावंच्या गावं उचलून नेली आहेत. सुरतेच्या लिंबायतला, उधन्याला, पांडेसऱ्याला अहिराणी ऐकू येते. तिथल्या मागांवर, साड्यांच्या गोदामांत, रंगाईच्या कारखान्यांत खान्देश राबतो. जळगाव जिल्ह्यातल्या पिंप्री अकाराऊतला जन्मलेले सी. आर. पाटील गुजरातेत भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले, केंद्रात मंत्री झाले. त्याचं इकडच्या माणसाला कोण कौतुक! पोटासाठी गेलेल्याचा गाव सत्कार करतो.

दुसऱ्या कारणासाठी गेलेल्याचं गाव नाव घेत नाही. ‘सुरतेला कामाला असतो’ या वाक्यात खान्देश किती गोष्टी झाकतो याची मोजदाद कुणी केलेली नाही. लग्नाचं वय झालं, मुली बघायला सुरुवात झाली, आणि पोरगं एका रात्री तापी खोऱ्याच्या गाडीत बसलं. पुढं त्याचं काय झालं हे गावाला दोनच प्रकारे कळतं. एक तर वर्षादोनवर्षांनी ते मुकाट्यानं परत येतं आणि हळद लावून घेतं. किंवा कुणीतरी त्याला कल्याणच्या अलीकडे गाडीच्या डब्यात टाळी वाजवताना पाहतं आणि गावात येऊन खालच्या आवाजात सांगतं.

तृतीयपंथीयांच्या टोळीत जाणं म्हणजे मोकळं होणं, असा एक भाबडा समज शहरी लिखाणात आढळतो. तिथं गुरू असतो, गुरूचा गुरू असतो, घराणं असतं, इलाका ठरलेला असतो. रीत, म्हणजे दीक्षा, झाली की चेला त्या घराचा. मंगतीचे, म्हणजे मागून आणलेले, पैसे कुणाला किती, मूल-लग्नाच्या घरी बधाईला कुणाच्या हद्दीत जायचं, चुकलं तर दंड किती, सगळ्याचे नियम आहेत. पळून आलेल्या पोराला छप्पर, नाव आणि आजारपणात पाणी द्यायला माणूस इथंच मिळतं. इथून पुन्हा पळणंही तितकंच अवघड असतं. एक घर सोडून दुसरं मिळालं, आणि दोन्ही घरांना उंबरे आहेत.

आणि हे सगळं पळून जाता येणाऱ्यांचं झालं. मुलीवर प्रेम करणारी मुलगी, किंवा मुलगी म्हणून वाढवलेला आणि स्वतःला मुलगा समजणारा माणूस, यांना रात्रीच्या गाडीत एकटं बसताही येत नाही. तमाशानं त्यांना मावशीएवढीही जागा ठेवली नाही. त्यांचं स्थलांतर झालंच तर नर्सिंगच्या, पोलीस भरतीच्या, डी.एड.च्या निमित्तानं होतं, आणि बहुतेक वेळा सासरपर्यंतच होतं.

आता मराठी रंगभूमीनं या लोकांचं काय केलं ते पाहू. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगमंचावर आलं. विनय आपटे यांचं दिग्दर्शन होतं आणि मुलीवर प्रेम करणारी सुमित्रा रोहिणी हट्टंगडी यांनी उभी केली. त्या काळात हे लिहिणं, करणं आणि प्रेक्षकांसमोर नेणं, तिन्ही धाडसाची कामं होती. तरी सुमित्राचा शेवट मरणातच होतो. तेंडुलकर तिला समाजाच्या हवाली करत नाहीत, पण जगायला जागाही देत नाहीत. त्याआधी दोन वर्षं, १९७९ मध्ये, सतीश आळेकरांचा ‘बेगम बर्वे’ आला. संगीत नाटकांच्या पडत्या काळात स्त्री-भूमिकेतच अडकून राहिलेला एक फुटकळ नट, त्याला बाई समजून संसाराची स्वप्नं पाहणारे कारकून, आणि त्या सगळ्यावर तरंगणारी जुनी नाट्यपदं. बालगंधर्वांच्या महोत्सवाला जाणाऱ्या प्रत्येकानं हे नाटक त्याच आठवड्यात वाचावं असं मला वाटतं. बालगंधर्वांचं वैभव ज्या व्यवस्थेतून आलं, तिच्यात मागच्या रांगेत उभ्या असलेल्यांचं पुढं काय झालं, हे आळेकरांशिवाय कुणी विचारलं नाही.

मच्छिंद्र मोरे यांचं ‘जानेमन’ थेट हिजड्यांच्या वस्तीत शिरलं आणि वामन केंद्रे यांनी ते बसवलं. चेतन दातारांचं ‘१, माधवबाग’ तर एका आईचं स्वगत आहे. मुलगा समलिंगी असल्याचं कळल्यावर ती स्वतःशी आणि आपल्याशी बोलते. मोना आंबेगावकर यांनी ते सादर केलं. पुण्याच्या बिंदुमाधव खिरे यांची वाट आणखी वेगळी. सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून अमेरिकेत गेलेला हा माणूस तिथं स्वतःला उमगला आणि परत आला. २००२ मध्ये त्यांनी समपथिक ट्रस्ट काढला आणि समलिंगी आयुष्याबद्दल मराठीत पुस्तकं लिहिली, नाटकंही लिहिली. स्वतःला ओळखायला समुद्र ओलांडावा लागला, पण काम करायला मराठीच लागली.

ही सगळी नाटकं महत्त्वाची आहेत, त्यांच्यावर स्वतंत्र लेख व्हावेत. पण त्यांचे पत्ते बघा. माधवबाग मुंबईची, सुमित्राचं कॉलेज शहरातलं, बेगम बर्वेही पुण्यातलाच. खान्देशातून निघालेला मुलगा या नाटकांत फार तर प्रेक्षक म्हणून येऊ शकतो, आणि तोही तिकीट परवडलं तर. २०२५ च्या जानेवारीत रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागाचं परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला मुलगा आणि गावातला त्याचा बालमित्र, एवढीच गोष्ट आहे. ती गावात घडते आणि कुणी मरत नाही (मरायचे ते सुरुवातीलाच मेलेले असतात). सिनेमानं परतीचं तिकीट काढलं. नाटक अजून फलाटावर आहे.

नाटक हे करू शकतं का? करू शकतं, आणि त्याचा सर्वांत ठळक दाखला तमिळनाडूतला असला तरी त्यातला मोठा तुकडा आपल्या रुळांवर घडलेला आहे. लिव्हिंग स्माइल विद्या या नावानं ओळखली जाणारी कलावंत दलित कुटुंबात मुलगा म्हणून जन्मली आणि भाषाशास्त्रात एम.ए. झाली. एवढं शिकूनही, बाई म्हणून जगायचं ठरवल्यावर, तिला घर सोडून पुण्याला यावं लागलं. पुण्यात टोळीत राहून तिनं दुकानांत आणि रेल्वेच्या डब्यांत हात पसरला. शस्त्रक्रियेसाठी पैसा हवा होता आणि एम.ए.च्या कागदावर तो कुणी देत नव्हतं. त्या काळात पुण्या-मुंबईच्या गाडीतून गेलेल्या आपल्यापैकी कुणीतरी तिच्या हातावर नाणं ठेवलं असेल, किंवा खिडकीबाहेर पाहिलं असेल. पुढं ती तमिळनाडूला परतली, तिनं आत्मकथन लिहिलं, आणि त्यावरच्या कन्नड चित्रपटात तिची भूमिका करणाऱ्या संचारी विजय यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ती भूमिका पुरुष नटानं केली, हे ध्यानात ठेवू या. बालगंधर्व अजून संपलेले नाहीत.

विद्या मात्र स्वतःची भूमिका स्वतः करायला उठली. एंजल ग्लॅडी आणि जी इमान सेम्मलर या सहकाऱ्यांबरोबर २०१४ मध्ये तिनं ‘पन्मै’ नावाचा नाट्यगट उभा केला. पारलिंगी कलावंतांनी स्वतः चालवलेला गट, आणि ‘कलर ऑफ ट्रान्स २.०’ हे त्यांचं नाटक. घर, शाळा, दवाखाना, शरीर, जात, या सगळ्यांतून गेलेल्या आयुष्यांचे तुकडे ते स्वतः सादर करायचे. त्यात विनोद भरपूर होता, आणि विद्यानं विदूषकीचं शिक्षणही घेतलेलं होतं. दया मागायला आलेल्यांकडे प्रेक्षक जसा बघतो तसं बघण्याची सोय त्या नाटकानं ठेवली नाही. पण या कथेचा पुढचा टप्पाही सांगितला पाहिजे. इथं जगणं अशक्य झालं तेव्हा विद्यानं स्वित्झर्लंडमध्ये आश्रय मागितला. गावातून पुण्याला, पुण्याहून परत, आणि शेवटी देशाबाहेर. देशातली इतकी महत्त्वाची रंगकर्मी आपल्याकडून निघून गेली आणि नाट्यसंमेलनांच्या भाषणांत कुणी तिचा उल्लेख केल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

ए. रेवती यांची गोष्ट खान्देशाला अधिक जवळची वाटावी. नामक्कल जिल्ह्यातल्या खेड्यातून पळालेली ही व्यक्ती दिल्लीला गेली, मुंबईत राहिली, मग बेंगळुरूला स्थिरावून हक्कांच्या चळवळीत शिरली. तिच्या आत्मकथनाचं कन्नड भाषांतर झालं आणि कर्नाटकातल्या हेग्गोडू गावच्या जनमनदाट या संस्थेनं त्याचं नाटक केलं, एम. गणेश यांच्या दिग्दर्शनाखाली. रेवती स्वतः त्यात उभी राहिली. हेग्गोडू हे शिवमोग्गा जिल्ह्यातलं, सुपारीच्या बागांमधलं छोटं खेडं. नीनासम् संस्थेमुळे नाटकवाल्यांची पंढरी झालेलं. तिथल्या मंडळींना हा विषय पेलण्यासाठी बेंगळुरूची वाट बघावी लागली नाही. जळगावचा पसारा हेग्गोडूच्या कितीतरी पट आहे. सभागृहं आहेत, मू. जे. महाविद्यालयात नाट्यशास्त्र शिकवलं जातं, विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. अडतंय कुठं?

धाडसावर अडत नाही, याचा पुरावा जळगाव जिल्ह्यानंच दिला आहे, फक्त तो रंगमंचावर न देता निवडणुकीत दिला. डिसेंबर २०२० मध्ये जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुक ग्रामपंचायतीसाठी अंजली गुरू संजना जान यांनी महिलांसाठीच्या जागेवर अर्ज भरला. निवडणूक अधिकाऱ्यानं तो फेटाळला; अर्जात तृतीयपंथी लिहिलंय आणि त्या वर्गासाठी जागाच नाही, असं कारण दिलं. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. २ जानेवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी तो निर्णय रद्द केला आणि त्यांना महिला प्रवर्गातून लढू दिलं. त्या लढल्या आणि निवडून आल्या.

या प्रकरणातल्या दोन गोष्टींवर कुणीतरी प्रवेश लिहायला हवा. पहिली, त्यांचं नाव. महाराष्ट्रातल्या सरकारी अर्जात मधली जागा तेव्हा बापाची किंवा नवऱ्याची असायची. इथं त्या जागी गुरूचं नाव आहे, आणि ते नाव उच्च न्यायालयाच्या आदेशावर छापलं गेलं. आपण कुणाचे, या प्रश्नाचं याहून थेट उत्तर मी कुठल्या नाटकात ऐकलेलं नाही. दुसरी गोष्ट म्हणजे अट. अर्जदारानं आयुष्यभरासाठी स्त्री हे लिंग निवडलं आहे आणि पुढं फायदा बघून ती ते बदलणार नाही, याची न्यायालयानं नोंद घेतली. न्यायालयाची काळजी समजू शकते. पण ज्या राज्यात पक्ष बदलायला एक रात्र आणि एक विमान पुरतं, तिथं आयुष्यभराचं वचन मागितलं गेलं ते भादलीच्या या उमेदवाराकडून. विनोदी नाटक लिहिणाऱ्याला आणखी काय हवं?

दुसरं नाव शमिभा पाटील यांचं. त्या फैजपूरच्या, मराठी साहित्याच्या अभ्यासक आणि तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी खान्देशात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या. फैजपूर म्हणजे १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं ते गाव. २०२४ च्या सप्टेंबरात वंचित बहुजन आघाडीनं विधानसभेसाठी अकरा उमेदवारांची पहिली यादी काढली, तीत रावेरमधून त्यांचं नाव होतं. त्या हरल्या; रावेरची जागा भाजपच्या अमोल जावळे यांनी जिंकली. केळीच्या या पट्ट्यात जातीची, घराण्याची आणि पैशाची गणितं पक्की असतात, तेव्हा निकालात आश्चर्य नव्हतं.

आश्चर्य प्रचारात असतं. तृतीयपंथी माणूस दारात आला की काय करायचं हे खान्देशातल्या प्रत्येक घराला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. मूल झालंय, लग्न झालंय, दुकान उघडलंय. टाळी वाजते, तांदूळ, लुगडं आणि पैसे दिले जातात, आशीर्वाद घेतला जातो, दार लागतं. या देण्याघेण्यात भीतीही असते, श्रद्धाही असते. आता तोच माणूस त्याच ओट्यावर येतो आणि मत मागतो. घरातल्यांना नव्यानं ठरवावं लागतं की उभं राहायचं का, खुर्ची द्यायची का, चहा विचारायचा का, ताई म्हणायचं का. ठरलेलं सोंग मोडलं की समोरच्यालाही आपलं सोंग बदलावं लागतं. नाटकवाले ज्याला प्रसंग म्हणतात तो असा असतो. रावेर मतदारसंघात तो २०२४ च्या दिवाळीच्या सुमारास प्रत्यक्ष घडून गेला, आणि तिथल्या एकाही नाट्यसंस्थेनं अजून त्याची संहिता मागितलेली नाही, असं दिसतं.

कायद्यानं आपला भाग उशिरा का होईना केला. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालानं तृतीयपंथी ओळख मान्य केली, ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, २०१९ च्या कायद्यानं ओळखपत्राचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत आणला. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाचा हक्क मात्र नाकारला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ लोकांनी स्वतःची नोंद स्त्री किंवा पुरुष न करता ‘इतर’ अशी केली होती; त्यांत लपून राहिलेले अर्थात नाहीत. लपून राहिलेल्यांपर्यंत न्यायालयाचं निकालपत्र पोचत नाही. गावच्या मारुतीच्या पटांगणातलं नाटक पोचतं.

मग ते नाटक कसं असावं? मला काही गोष्टी स्पष्ट दिसतात. ते एकट्याचं असावं, निदान सुरुवातीला. जळगावच्या प्रेक्षकाला ही सवय आहे; ‘परिवर्तन’ संस्थेनं श्रीकांत देशमुखांच्या लेखनावरून केलेलं ‘नली’ हे हर्षल पाटील यांचं एकलनाट्य इथल्या लोकांनी उचलून धरलं आहे. एक नट, थोडं सामान, रात्रीच्या एस.टी.नं परत येता येईल एवढा खर्च. प्रमाण मराठीत ते नसावंच. अहिराणीत करावं, आणि त्याला नाटकाच्या अंगानं एक फार सोयीचं कारण आहे. प्रमाण मराठीत माणूस ‘मी जातो’ किंवा ‘मी जाते’ म्हणाला की पहिल्याच वाक्यात त्याचं लिंग ठरतं, ते लपवता येत नाही. अहिराणीत ‘मी जास’. तोही ‘जास’, तीही ‘जास’. वर्तमानकाळात बोलणारं पात्र कितीतरी वेळ प्रेक्षकाला उत्तर न देता उभं राहू शकतं. पुण्याच्या नाटककाराला हे जमणार नाही; शिरपूर-साक्रीच्या पोराला न शिकता जमेल.

आणि भूमिका कुणी करायची, हा खरा वादाचा मुद्दा. नट कोणतीही भूमिका करू शकतो, हे तत्त्व मला मान्य आहे. पण शंभर वर्षं ते एकाच दिशेनं वापरलं गेलंय. पुरुषांनी बायका केल्या, पुरुषांनी हिजडे केले, टाळ्या घेतल्या, घरी गेले. तृतीयपंथी कलावंताला मात्र कुणी साध्या शिक्षिकेची, तलाठ्याची, आईची भूमिका देत नाही. त्याला बोलावलंच तर स्वतःचं दुःख सांगायला बोलावतात, तेही उद्घाटनाच्या भाषणानंतर आणि बिनपैशानं. इथं शाल-श्रीफळ पुरणार नाही. मानधन द्या, तालमीचे पैसे द्या, रात्री उशिरा घरी पोचवायची व्यवस्था करा. आणि नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला आधीच विचारून ठेवा की या कलावंतानं रंगभूषा कोणत्या खोलीत करायची आणि स्वच्छतागृह कोणतं वापरायचं. क्रांती पुष्कळदा इथंच अडकते.

हे नाटक पहिल्या प्रयोगाला बहुधा फसेल. कुणीतरी उठून जाईल, कुणी शिट्टी मारेल, एखादी संघटना निवेदन देईल. त्याची फार चिंता करू नये. खान्देशातला प्रेक्षक रागावला तरी दुसऱ्या दिवशी चौकशी करतो.

जळगाव हे राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र आहे, महाविद्यालयांच्या एकांकिकाही दरवर्षी होतात, आणि दिवाळीनंतर संहिता शोधायची धावपळ सुरू होते. जळगावच्या, धुळ्याच्या, अमळनेरच्या, चाळीसगावच्या संस्थांना म्हणून हे सांगणं आहे. यंदा बाहेरगावची गाजलेली संहिता मागवण्याआधी आपल्या गावातून गाडीत बसून गेलेल्यांपैकी एकाचा पत्ता शोधा, त्याला किंवा तिला तालमीला बोलवा, येण्या-जाण्याचं भाडं पाठवा. आणि तुमच्या संस्थेत इतकी वर्षं बिनतक्रार मावशी करणारा जो कुणी असेल, त्याला एकदा विचारा की त्याला कोणतं काम करायचं आहे.